डाव्या हाताचं टोपडं

पाय मोडला तेव्हा दिपमाला रडली नव्हती. पारोळ्याच्या स्टँडवर एका म्हातारीचं गाठोडं खाली घ्यायला ती बसमधून उतरली. म्हातारी नीट उतरली, गाठोडं नीट उतरलं, फक्त दिपमालाचा पाय वाकडा पडला आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. धुळे डेपोतली सगळ्यात खणखणीत आवाजाची कंडक्टर गल्ली नंबर चारमधल्या दोन खोल्यांत खुर्चीला खिळून बसली. तरीही रडली नाही. डोळ्यांत पाणी आणलं ते भावजयीच्या गोड बोलण्यानं.

भावजय म्हणजे कामिनी. दिपमालाचा धाकटा भाऊ किरण जळगावला पाइपच्या कारखान्यात होता, त्याची बायको. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली होती. बाळ जरा नाजूक, म्हणून बारसं सव्वा महिन्यानंतर करायचं ठरलं. ते सांगायलाच कामिनीनं फोन केला होता.

"अक्का, तुम्ही नुसत्या या. पाय जपून या. काही आणायचं मनातसुद्धा आणू नका. माझ्या आईनं झबली, टोपडी, दुलई, सगळं क्रोशानं विणून ठेवलंय. कपाटात जागा नाही."

"टोपडं आत्याचं असतं," दिपमाला म्हणाली.

"हो, असतं ना. पण तुम्ही या पायानं बाजारात कुठे जाणार?"

"बाजारात कशाला जाईन? मी विणणार आहे."

कामिनी अगदी हळू म्हणाली, "तुम्ही? विणणार?"

त्या 'तुम्ही'नं घात केला. "हो, मी. क्रोशानंच," असं म्हणून दिपमालानं फोन ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या तिच्या लक्षात आलं की क्रोशाची सुई कशी धरतात हेही आपल्याला माहीत नाही.

तिचा नवरा भिकन दूध डेअरीत कामाला होता. तो दारात चहा पीत उभा होता. त्यानं कप खाली ठेवला.

"तुले सुईमा दोरा ओवता येत नही. शर्टनं बटन मी लावस. आनि टोपडं?"

"क्रोशाला दोरा ओवावा लागत नाही," ती म्हणाली. एवढं एकच तिला माहीत होतं.

घरमालकीण जतनबाई पुढच्या खोल्यांत राहायच्या. मुलाचं भांड्यांचं दुकान, नातवंडं पुण्याला, आणि म्हातारीच्या हातात दिवसभर क्रोशा. त्यांच्या घरात प्रत्येक दाराला तोरण, टीव्हीवर रुमाल, फ्रिजवर रुमाल, माठावर जाळी, माठाच्या तांब्यावर जाळी. न विणलेली अशी त्या घरात फक्त जतनबाईच होत्या. सगळी गल्ली त्यांना माजी, म्हणजे आई, म्हणायची. दिपमाला वॉकर टेकत टेकत पुढे गेली आणि शिकवा म्हणाली. माजींना आनंद झाला. इतक्या वर्षांत शिकायला कुणी आलंच नव्हतं. का आलं नव्हतं, ते दिपमालाला लवकरच कळलं.

माजींनी तिला ओट्यावर सतरंजीवर आपल्या शेजारी बसवलं, प्लास्टरखाली उशी दिली, एक सुई आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा हातात दिला.

"बघ हां. अशी गाठ मारायची. मग असं. मग असं. मग असं."

त्यांच्या बोटांतून साखळी नळाच्या पाण्यासारखी पडायला लागली.

"माजी, थांबा. दुसरं 'असं' कसं?"

"अगं, असं."

"म्हणजे दोरा वरून का खालून?"

माजींनी हाताकडे पाहिलं. हात थांबला. त्यांनाही कळेना. "विचारलंस की चुकतं बघ," त्या वैतागून म्हणाल्या. "विचारू नकोस. बघ."

दिपमाला बघत राहिली. बघून तिनं केलं. सुई दोऱ्यात शिरली, दोरा सुईला गुंडाळला, आणि गाठ अशी बसली की सोडवायला दात लावावे लागले. पुन्हा केलं. या वेळी सुई बाहेर आली आणि सगळं सुटून हातात नुसता दोरा राहिला. पुन्हा केलं. माजींनी तिच्या हातावर चापट मारली.

"सुई त्या हातात कशाला धरलीस?"

दिपमाला डावखुरी होती. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून मारून तिच्या उजव्या हाताला लिहायला लावलं, पण बाकीचं सगळं डाव्यानं चालायचं. भाकरी डाव्यानं थापायची, सुटे पैसे डाव्यानं मोजायचे, भांडताना बोटही डावंच नाचायचं.

"मला उजव्यानं जमत नाही, माजी."

"सगळ्यांना जमतं."

मग तिनं उजव्यानं केलं. उजवा हात म्हणजे तिचा सरकारी हात. सही करण्यापुरता. त्याला सुई धरायला लावल्यावर तो लाकडासारखा झाला. चार दिवस ती रोज ओट्यावर बसली आणि रोज चिडून उठली. पहिल्यांदा साखळी इतकी घट्ट झाली की तिच्यात परत सुई शिरेना. सैल केली तर इतकी सैल झाली की त्यातून अंगठा जाईल. एकदा बऱ्यापैकी पट्टी जमत आली. खांब नावाचा टाका तिला थोडा थोडा यायला लागला होता: दोरा सुईवर घ्यायचा, घरातून म्हणजे आधीच्या टाक्याच्या फटीतून खेचायचा, मग दोन दोन करून सोडवायचा. पण पट्टी प्रत्येक ओळीला अरुंद होत गेली. कडेचं शेवटचं घर ती दर वेळी विसरत होती. संध्याकाळी पट्टीचा त्रिकोण झाला.

भिकननं तो उचलून पाहिला. "पतंग शे का?"

तिनं तो त्रिकोण एका झटक्यात उसवला. विणायला दिवसभर लागलेली वस्तू उसवायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही, याचा तिला इतका संताप आला की गुंडा तिनं भिंतीवर फेकला. तो पलंगाखाली गेला. आणि पायाला प्लास्टर असल्यामुळे तो काढायला पुन्हा भिकनलाच वाकावं लागलं.

"काब्र चिडस इतकी? विकतनं आनूत."

"विकतचं आणलंस तर तुलाच घालीन."

मोबाइलवर तिनं व्हिडिओ पाहिले. एक मुलगी नखांना रंग लावून, हसत हसत, "बहुत ही आसान है" म्हणायची आणि डोळ्यांदेखत फूल तयार करायची. दिपमाला व्हिडिओ थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा थांबवायची. नेमका महत्त्वाचा क्षण आला की मुलीचं बोट आडवं यायचं. तीही उजवी. सगळं जग उजवं. "हिला पारोळ्याच्या बाजाराच्या दिवशी माझ्या बसमध्ये चढवा," दिपमाला मोबाइलला म्हणाली, "मग बघते काय काय आसान आहे ते."

पाचव्या दिवशी ओट्यावर बसल्यावर तिनं सुई सरळ डाव्या हातात घेतली. माजींनी हातातलं काम खाली ठेवलं.

"छोरी, टेबलावरचा रुमाल असता तर मी बोलले नसते. हे बाळाचं टोपडं आहे. डावा हात देवाला चालत नाही, ताटाला चालत नाही. त्या हातानं केलेलं लेकराच्या डोक्यावर घालणार?"

चार दिवसांचा राग दिपमालाच्या घशाशी आलेलाच होता. ती बसमध्ये बोलायची त्या आवाजात म्हणाली, "याच डाव्या हातानं मी किती लेकरं बसमध्ये चढवली आणि उतरवली, माजी. आयांच्या कडेवरून घेतली, खिडकीतून घेतली. एकाचंही वाईट झालं नाही. तुम्हाला शिकवता येत नाही, ते सांगा. हाताला कशाला नावं ठेवता?"

समोरच्या दुकानातले दोघं मान वळवून बघायला लागले. माजींनी आपली सुई, लोकर, चष्म्याची डबी पिशवीत भरली आणि आत जाऊन दार लावलं. भाडेकरू होऊन इतकी वर्षं झाली, पण दिपमालासमोर ते दार कधी लागलं नव्हतं.

दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. भिकन दोघींच्या मध्ये निरोप्या झाला. "माजी इचारस, पानी उनं का?" आणि "सांग, आलं." तिसऱ्या दिवशी थंडी वाढली. घरात बसवेना, पाय ठणकायला लागला, म्हणून भिकननं कामावर जाताना तिची खुर्ची उन्हात ठेवली. ऊन ओट्याच्या पलीकडच्या टोकाला होतं. माजी आपल्या नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोघी आता समोरासमोर आल्या, मध्ये अख्खा ओटा.

दिपमालाला उठून दुसरीकडे जायचं होतं, पण वॉकर भिकननं आतच ठेवला होता. त्याला मनातल्या मनात शिव्या देत तिनं मान खाली घातली, सुई डाव्या हातात घेतली आणि साखळी सुरू केली. ती पुन्हा चुकली. तिनं वर पाहिलं. माजी तिच्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांचे हात चालले होते. आणि दिपमाला नुसती बघत राहिली.

त्या हातांत काहीतरी ओळखीचं होतं. माजींची सुई तिच्या डाव्या हाताच्या बरोबर समोर होती. त्यांचा दोरा तिच्या उजव्या बोटासमोर. आरशात बघून वेणी घालावी तसं सगळं जिथल्या तिथे होतं. शेजारी बसून इतके दिवस ती तो हात मनात उलटा करत होती. आता काही उलटं करायलाच नको. माजींची सुई गेली की हिची गेली. त्यांनी दोरा घेतला की हिनं घेतला. एक साखळी. दुसरी. तिसरी. घट्ट नाही, सैल नाही. बघता बघता साखळी मांडीवरून खाली लोंबायला लागली. मग तिनं चेहरा अगदी निर्विकार ठेवून माजींच्या बरोबरीनं खांब घातला. तो उभा राहिला. शेजारी दुसरा उभा राहिला.

बराच वेळ गेल्यावर माजीच बोलल्या, वर न बघता. "आज कुणाला शिव्या देत नाहीस?"

"जमतंय," दिपमाला म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"दाखव."

माजींना ओट्यावरून सरकत यायला वेळ लागला. त्यांनी पट्टी हातात घेतली, डोळ्यांशी धरली, दोन्ही बाजूंनी ओढून पाहिली, मोजली, पुन्हा मोजली. "कडेचं घर सोडलं नाहीस," त्या म्हणाल्या. तेवढंच. डाव्या हाताबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि शिकवता येत नाही या वाक्याबद्दल दिपमालाही काही बोलली नाही. तिला माफी मागायची होती, पण तोंड उघडलं आणि "चहा घेता?" एवढंच बाहेर पडलं. माजी घेते म्हणाल्या. मग भिकन घरी नाही आणि आपल्याला उठता येत नाही हे दिपमालाच्या लक्षात आलं, आणि चहा माजींनाच करावा लागला.

टोपड्याला हात घालायच्या वेळी मात्र माजींनी अट घातली. "बाकीचं तुला हवं तसं कर. पहिला टाका उजव्यानं घालायचा. माझ्या मनासाठी."

दिपमालानं हातातल्या गुलाबी लोकरीकडे पाहिलं, माजींकडे पाहिलं, आणि ते मान्य केलं. तो एक टाका घालायला तिला अर्धी सकाळ लागली. उजवा हात काही केल्या वळेना. माजी जपाची माळ ओढत शांतपणे बसून होत्या, आणि तिला मदत करायला त्यांनी साफ नकार दिला.

टोपडं डोक्याच्या मध्यापासून सुरू करतात, भाकरीसारखं गोल. एका घरात दोन खांब घालत गोल वाढवायचा आणि मग वाढवणं थांबवून सरळ खाली यायचं. पहिल्यांदा तिनं कमी वाढवलं तर त्याची वाटी झाली. उसवलं. दुसऱ्यांदा जास्त वाढवलं तर कडेला झालर आली. उसवलं. लोकरीला इतक्या वेळा ओढलं की ती केसाळ झाली. भिकननं विचारायचं सोडून दिलं होतं. तो फक्त घरी आल्यावर लोकरीच्या टोपलीत डोकावायचा आणि पुटपुटायचा, "आज बी बठ्ठं उसवी टाकं." बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी एकदाचं टोपडं पुरं झालं. जरा एका बाजूला कललेलं, पण टोपडंच. माजींनी ते मुठीवर घालून गोल फिरवलं. "बाळाचं माप घेतलं होतंस का?" त्यांनी विचारलं.

दिपमालानं टोपडं त्यांच्या मुठीवरून काढून घेतलं. "बाळाचं डोकं बाळाएवढंच असेल की."

प्लास्टर निघालं होतं, पण चालताना काठी लागत होती. ती आणि भिकन सकाळच्या जळगाव बसला बसली. प्रवासी म्हणून बसणं तिला अजिबात सोसेना. कंडक्टर नवा पोरगा होता. मागे जागा असताना लोक दारात का थांबवतोस, इथपासून ते घंटी दोनदा का दिलीस, इथपर्यंत तिनं त्याला एरंडोलपर्यंत सगळं शिकवलं. शेवटी भिकननं तिला खिडकीकडे ढकललं आणि स्वतः कडेला बसला.

किरणच्या घरी पाळणा सजला होता. दारातच कामिनीच्या आई, रूपाताई, भेटल्या. चाळीसगावच्या. नेटक्या, हसऱ्या, नऊवारीच्या निरीला चुणी नाही. पाळण्याभोवती त्यांच्या हातची सगळी संपदा मांडली होती. झबल्यांवर फुलं, टोपड्यांवर मोती, दुलईच्या कोपऱ्यात मोर. दिपमालानं पिशवीतून आपलं टोपडं काढलं. बायका गोळा झाल्या. कामिनीनं बाळाला मांडीवर घेतलं आणि टोपडं घातलं.

ते भुवयांवरून खाली आलं, नाकावरून खाली आलं आणि हनुवटीशी थांबलं. बाळ दिसेनासं झालं. आतून एक शिंक आली.

सगळ्या हसल्या. वाईट मनानं कुणी हसलं नाही, पण हसल्या. किरणही हसला. रूपाताई पुढे झाल्या. "असू द्या हो, पहिलंच आहे ना? द्या इकडे, मी दोन मिनिटांत उसवून मापात करून देते."

"नको," दिपमाला म्हणाली.

"अहो, मला सवय आहे."

"मला नाही. म्हणूनच मी करणार."

मुहूर्त झाला. बाळाचं नाव ठेवताना डोक्यावर रूपाताईंचं मोत्यांचं टोपडं होतं. आत्या म्हणून कानात नाव सांगायचं होतं. दिपमालानं कितीही हळू बोलायचं ठरवलं तरी 'प्रियल' हे नाव शेजारच्या गल्लीपर्यंत गेलं, आणि बाळानं दचकून भोकाड पसरलं. पंगत बसली. भरीत होतं, पुऱ्या होत्या. दिपमालानं चार घास खाल्ले आणि मागच्या खोलीत खिडकीशी जाऊन बसली. टोपडं वरच्या गोलापर्यंत उसवलं, मग गोलाच्या शेवटच्या दोन फेऱ्याही उसवल्या. तिला आता उसवण्याचाही राग येत नव्हता. रागच उरला नव्हता; फक्त काम उरलं होतं, आणि संध्याकाळची बस.

थोड्या वेळानं कामिनी बाळाला घेऊन आत आली आणि दार लोटून घेतलं. काही न बोलता तिनं बाळाचं डोकं पुढे केलं. दिपमालानं अर्धवट टोपडं ठेवून माप पाहिलं, दोन बोटं कमी केलं आणि पुढे विणायला लागली. कामिनीनं गुंडा मांडीवर घेतला आणि लागेल तसा दोरा सोडत राहिली.

"तुम्हाला राग आला होता का माझा?" कामिनीनं मध्येच विचारलं.

"कशाबद्दल?"

"टोपड्याबद्दल. फोनवर. मी खरंच पायासाठी म्हणत होते. तुम्ही फोन आपटलात."

दिपमालानं दोरा सुईवर घेतला. "आपटला," ती म्हणाली. "मला वाटलं, माझी जागाच भरून टाकली तुम्ही."

कामिनी हसली नाही. "मलासुद्धा आईनं काही करू दिलं नाही. लहानपणापासून. सुई हातात घेतली की म्हणायची, दे इकडे, तुझ्यानं नाही व्हायचं. आज तुम्ही नको म्हणालात ना, तेव्हा आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला फार बरं वाटलं." एवढं बोलून ती घाबरली आणि दाराकडे पाहिलं.

बाहेरून रूपाताईंचा आवाज आलाच. "झालं का हो? नाहीतर द्या माझ्याकडे!"

"होतंय!" दोघी एकदमच म्हणाल्या, आणि दिपमालाच्या आवाजानं बाळ पुन्हा रडायला लागलं.

बस सुटायला थोडाच वेळ राहिला तेव्हा शेवटचा टाका झाला. टोपडं बाळाच्या कानांवर नीट बसलं. कलतं होतं, एका बाजूला लोकर केसाळ होती, आणि ते घातलेलं बाळ एखाद्या रागीट म्हाताऱ्यासारखं दिसत होतं. रूपाताईंनी चष्मा लावून बघितलं, कडेवरून बोट फिरवलं आणि फक्त "ऊबदार आहे" म्हणाल्या. कामिनीनं ते परत काढू दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये भिकननं तिच्यासाठी खिडकीची जागा धरली. दिपमालानं काठी मांडीवर आडवी ठेवली आणि डोळे मिटले. तिची बोटं अजून आपोआप हलत होती.

"बसनं का?" भिकननं विचारलं.

"बसलं."

"मंग झायं. सुटनूत."

"कसलं सुटलो? कामिनीला मोजेपण हवेत. माझ्याच हातचे." ती डोळे न उघडता म्हणाली. "आणि मोजे दोन असतात. दोन्ही सारखे लागतात."